मेंढपाळाचे मुंडासे कोणी आणायचे?

नोव्हेंबर अर्धा सरला की ब्रिटनमधल्या प्राथमिक शाळांतून पालकांना एक चिठ्ठी येते. पूर्वी ती मुलाच्या दप्तरात घडी घातलेली सापडायची, आता बहुधा शाळेच्या ॲपवर येते. मजकूर थोड्याफार फरकाने ठरलेला. नाताळच्या नाटकात तुमचा मुलगा मेंढपाळ झाला आहे, किंवा मुलगी देवदूत. नाहीतर तारा, मेंढी, उंट, धर्मशाळेचा मालक. अमुक तारखेला रंगीत तालीम आहे, तरी पोशाख त्याआधी शाळेत पाठवावा. येशूजन्माचे हे छोटे नाटक, ज्याला तिकडे ‘नेटिव्हिटी’ म्हणतात, बहुतेक शाळांत चार ते सात वर्षांची मुले करतात. आईबाप, आजीआजोबा रजा काढून ते पाहायला येतात. मात्र त्या चिठ्ठीतल्या शेवटच्या ओळीवरून दर वर्षी घरांत आणि शिक्षकांच्या खोलीत कुरबूर होते. पोशाख आणायचा कोणी? पालकांनी की शाळेने?

प्रश्न लहान दिसतो, पण शाळेने मुलांकडे कोणत्या नजरेने पाहावे हा मोठा प्रश्न त्यातच आहे. म्हणून आमचे मत आधीच सांगून टाकतो. नाटक शाळेचे असेल तर पोशाखही शाळेनेच द्यावा. पालकांनी वेळ द्यावा, शिवायला हात लावावा, घरातला जुना कपडा द्यावा, ऐपत आणि इच्छा असेल तर पैसेही द्यावेत. पण रंगमंचावर मुलाच्या अंगावर काय चढते, हे त्याच्या घरच्या कपाटावर अवलंबून राहता कामा नये.

परंपरेचा दाखला द्यायचा तर तोही याच बाजूचा मिळतो. १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिस यांनी गवत घालून गव्हाण मांडली, खरा बैल आणि खरे गाढव आणून उभे केले आणि गावकऱ्यांना येशूजन्माचा प्रसंग डोळ्यांदेखत दाखवला. पुढे मध्ययुगीन इंग्लंडात बायबलमधल्या कथांची नाटके शहरोशहरी होऊ लागली. एकेक प्रसंग एकेका व्यवसायाच्या संघाने बसवायचा, अशी वाटणी असे. यॉर्कमध्ये जन्माचा प्रसंग घरे शाकारणाऱ्यांकडे होता. कॉव्हेंट्रीत तो कापडाची लव छाटणारे कारागीर आणि शिंपी यांच्या संघाकडे होता. यॉर्कमध्ये संघाच्या सभासदांकडून नाटकासाठी वर्गणी घेतली जाई. कॉव्हेंट्रीतल्या संघांचे जुने हिशेब अभ्यासकांनी छापून ठेवले आहेत. त्यांत नटांच्या पोशाखांवर आणि त्यांच्या डागडुजीवर झालेला खर्च नोंदलेला दिसतो. हेरोद राजा करणाऱ्याने आपल्या घरून झगा आणावा, अशी अपेक्षा तेव्हाही कोणी केली नाही. ज्याचे नाटक, त्याची वेषभूषा, हाच तिथला रिवाज होता.

शाळेच्या नाटकात मात्र हे काम घराकडे सरकले. कारण साधे होते: शाळेकडे पैसा नव्हता आणि घरात जुने कपडे होते. त्यातून एक घरगुती कलाच तयार झाली. भांडी पुसायचा चौकडीचा टॉवेल डोक्यावर टाकायचा, त्याच्याभोवती ड्रेसिंग गाऊनचा पट्टा आवळायचा, अंगात तोच पट्ट्यापट्ट्यांचा गाऊन, हातात काठी, झाला मेंढपाळ. उशीच्या पांढऱ्या अभ्र्याच्या बंद बाजूला डोक्यासाठी आणि दोन कडांना हातांसाठी भोके पाडली की देवदूताचा झगा. तारेचा हँगर वाकवून त्यावर चमकीची माळ गुंडाळली की त्याची प्रभावळ. मारियेला निळी चादर पुरे. यात खर्च जवळजवळ नव्हता. मुलाला उभे करून माप घेणारी आई आणि टाचणी टोचली म्हणून ओरडणारे मूल, एवढी त्याची आठवण. ज्यांनी हे अनुभवले ते आज पालक किंवा आजीआजोबा आहेत, आणि ‘पोशाख घरूनच यावा’ असे त्यांना मनापासून वाटते. या भावनेला आम्ही हलके लेखत नाही. आपल्या हाताने शिवलेल्या झग्यात मुलाला रंगमंचावर पाहण्याचे सुख खरे असते.

पण ही घरगुती व्यवस्था ज्या परिस्थितीत उभी राहिली, ती बदलली आहे. पहिला बदल बाजाराचा. नोव्हेंबरात टेस्को, ॲस्डा, सेन्सबरीज या सुपरमार्केटांच्या कपड्यांच्या विभागात मेंढपाळ, देवदूत, राजा, मेंढी असे तयार पोशाख टांगलेले दिसतात. किंमत साधारण दहा पौंडांच्या आसपास. दिवसभर काम करून सहाला घरी पोचणाऱ्या आईला ते सोयीचे वाटले तर तिला नावे ठेवता येत नाहीत. मात्र त्यामुळे रंगमंचावर दोन प्रकारचे मेंढपाळ उभे राहतात. एकाच्या अंगात सोनेरी गोट लावलेला, डोक्यावर बेतलेले मुंडासे असलेला तयार पोशाख. शेजारच्याच्या डोक्यावर घसरणारा टॉवेल. सगळेच टॉवेल घालून येत होते तोपर्यंत टॉवेल ही गंमत होती. अर्धे विकतचे घालून आले की टॉवेलवाला मुलगा गरीब दिसतो, आणि पाच वर्षांच्या मुलालाही ते कळते.

दुसरा बदल नाटकाचाच. मूळ कथेत पात्रे फार थोडी. मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत येशूजन्माचे वर्णन आहे. त्यांत धर्मशाळेच्या मालकाचे पात्र नाही, पूर्वेकडून आलेले ज्ञानी किती होते तो आकडा नाही, गोठ्यात बैल-गाढव असल्याचाही उल्लेख नाही. हे सगळे नंतरच्या परंपरेने भरले. आजच्या शिक्षिकेला तर तीस-तीस मुलांच्या दोन-तीन वर्गांना रंगमंचावर आणायचे असते, आणि एकही मूल वगळायचे नसते. मग उंट येतात, तारे येतात, बर्फाचे कण, कोंबड्या, समुद्रातले प्राणीसुद्धा येतात. २००३ च्या ‘लव्ह ॲक्च्युअली’ या चित्रपटात नाताळच्या नाटकातला लॉबस्टर दाखवला तेव्हा ब्रिटिश प्रेक्षकांना त्याची ओळख पटवून द्यावी लागली नाही. प्रत्येक मुलाला काम मिळावे, ही शिक्षकांची धडपड मोलाची आहे. पण तिचा एक परिणाम लक्षात घ्यायला हवा. मेंढपाळ घरच्या कपड्यांतून उभा राहतो, उंट राहत नाही. सगळ्यांना सामावून घ्यावे म्हणून जी पात्रे शाळेने वाढवली, त्यांचाच पोशाख घरी करणे सर्वांत अवघड. पात्र शाळेने ठरवायचे, वाटायचे, आणि त्याचा भार मात्र ज्याच्या वाट्याला ते आले त्याच्या आईने उचलायचा, हे न्यायाचे नाही. या कामाचा भार बहुतेक घरांत आईवरच पडतो, हेही इथे सांगायला हवे.

काही वेळा उलटेही होते. ज्याच्या घरी गाढवाचा पोशाख आधीच आहे त्याला गाढव करून टाकण्याचा मोह घाईतल्या शिक्षिकेला होतो. मुलाचा आवाज, धीटपणा, हौस बाजूला राहते आणि कपाट भूमिका ठरवते. पोशाख शाळेच्या पेटीत असेल तर हा मोह उरत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण या वादात ‘शाळेला असे मागण्याचा हक्कच नाही’ आणि ‘पालकांचे हे कर्तव्यच आहे’ अशी दोन्ही टोकाची विधाने ऐकू येतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ चा शिक्षण कायदा लागू आहे. त्याच्या कलम ४५१ नुसार सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेला शाळेच्या वेळेत दिलेल्या शिक्षणासाठी शुल्क आकारता येत नाही. कलम ४५४ त्याहून पुढे जाते: अशा शिक्षणासाठी लागणारे साहित्य, पुस्तके, वाद्ये किंवा इतर उपकरणे पालकांनी पुरवावीत अशी सक्ती करता येत नाही. कलम ४६० ऐच्छिक वर्गणी मागायला परवानगी देते, पण देणे बंधनकारक नाही आणि न देणाऱ्यांच्या मुलांना वेगळी वागणूक मिळणार नाही, हे मागतानाच स्पष्ट करावे लागते. इथपर्यंत सगळे पालकांच्या बाजूचे. पण याच प्रकरणाच्या शेवटी व्याख्यांच्या कलमात एक छोटी ओळ आहे: ‘उपकरणे’ या शब्दात कपड्यांचा समावेश होत नाही. गणवेश पालकांनी घ्यायचा, ही जुनी रीत त्या ओळीने शाबूत ठेवली. त्याच फटीतून मेंढपाळाचा झगाही बाहेर राहतो. शाळा मुलाला स्वतःचे डफ आणायला भाग पाडू शकत नाही, पण डफ वाजवणाऱ्याचा अंगरखा आण म्हणू शकते.

म्हणजे कायद्याने हा प्रश्न सोडवलेला नाही. तो शाळेच्या विवेकावर सोडला आहे. गणवेश आणि नाटकाचा पोशाख यांत मोठा फरक आहे, तो शाळांनी ओळखायला हवा. गणवेश वर्षभर रोज वापरला जातो, मोठा झाल्यावर धाकट्याला देता येतो, आणि सगळ्यांचा सारखा असल्यामुळे घरची परिस्थिती झाकतो. नाटकाचा पोशाख दोनदा-तीनदा वापरला जातो आणि घरची परिस्थिती उघडी करतो. एकाला लावलेला न्याय दुसऱ्याला लावणे चूक आहे.

इंग्लंडच्याच धोरणात याहून चांगला दाखला आहे. सप्टेंबर २०१४ पासून तिथल्या सरकारी शाळांत पहिल्या तीन वर्गांतल्या, म्हणजे रिसेप्शन, इयर वन आणि इयर टूमधल्या सर्व मुलांना दुपारचे जेवण मोफत मिळते. आईबापांचे उत्पन्न विचारले जात नाही. इतक्या लहान वयात जेवणाच्या रांगेत कोण फुकट जेवतो आणि कोण पैसे भरतो असा भेद मुलांना दिसू नये, हा त्याचा एक फायदा सर्वांनाच पटतो. नाताळचे नाटक करणारी मुले हीच, याच तीन वर्गांतली. दुपारी बारा वाजता जेवणाच्या टेबलावर जो भेद शाळा पुसून टाकते, तोच दीड वाजता रंगमंचावर पुन्हा मांडला जात असेल तर त्याला धोरणातली विसंगतीच म्हणावे लागेल.

आणि हा भेद थोड्या मुलांपुरता नाही. सरकारी आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये घराचा खर्च वजा जाता सापेक्ष दारिद्र्यात राहणारी मुले ब्रिटनमध्ये सुमारे ४५ लाख होती, म्हणजे एकूण मुलांच्या ३१ टक्के. तीस मुलांच्या वर्गात सरासरीने नऊ. चाइल्ड पॉव्हर्टी ॲक्शन ग्रुप या संस्थेने २०१४ मध्ये ग्लासगोत ‘शाळेच्या दिवसाची किंमत’ मोजायला सुरुवात केली. उत्तर इंग्लंडात चिल्ड्रन नॉर्थ ईस्ट ही संस्था शाळेचा दिवस गरिबीच्या नजरेने तपासून पाहते. दोघींच्या कामातून एक गोष्ट पुनःपुन्हा पुढे आली. मोठ्या खर्चांची तरतूद पालक आधीपासून करतात. खोडा घालतात ते अचानक येणारे छोटे खर्च, विशेषतः वेगळे कपडे घालून यायचे दिवस. अशा दिवशी काही मुले आजारी असल्याचे सांगून घरी राहतात. ज्या नाटकात एकही मूल वगळू नये म्हणून शिक्षिका कोंबड्या आणि तारे वाढवते, त्याच नाटकाच्या दिवशी एखादे मूल पोटदुखीचे निमित्त करून घरी बसले तर तिच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडते.

‘पण आम्ही विकत आणा म्हणत नाही, घरात असेल तेच पाठवा म्हणतो,’ असे मुख्याध्यापक सांगतात. हेतू चांगला आहे. तरी ‘घरात असेल ते’ म्हणजे कोणाच्या घरात, हे विचारायला हवे. हॅरो, स्लाव, रेडिंग या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही अडचण चांगली ठाऊक असेल. पुण्याहून किंवा नाशिकहून दोन बॅगा घेऊन वर्षभरापूर्वी आलेल्या घरात ड्रेसिंग गाऊन नसतो. मुलाला मेंढपाळ करायचे तर भांडी पुसायचा टॉवेलच का हवा, हे समजायलाच एक संध्याकाळ जाते. कथा आपल्याला परकी आहे असे नाही. वसईच्या आणि गोव्याच्या घरांत नाताळचा गोठा पिढ्यानुपिढ्या मांडला जातो. आणि ही कथा मराठी ओव्यांत सांगणारे फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्लंडातल्या विल्टशरचेच, त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. परकी असतात ती फक्त तिथल्या घरातल्या कपाटाची गृहीते. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली आजी असेल तर तिच्या हातचा पंचा धनगरी थाटात बांधला जातो आणि तो टॉवेलपेक्षा अस्सल दिसतो. पण प्रत्येक घरात आजी नसते, आणि शाळेने तिच्यावर विसंबून राहायचे नसते. सीरियातून, सोमालियातून, युक्रेनमधून आलेल्या कुटुंबांची अवस्था याहून कठीण. नाटकात आपल्या मुलाने भाग घ्यावा की नाही, हेच ज्यांना धर्माच्या दृष्टीने ठरवायचे असते, त्या पालकांवर वर पोशाखाचे ओझे टाकणे तर फारच अयोग्य. सामूहिक प्रार्थनेतून आणि धर्मशिक्षणातून मुलाला बाहेर ठेवण्याचा हक्क त्यांना १९९८ च्या कायद्याने दिला आहे. तो हक्क वापरायचा की नाही, याचा निर्णय त्यांनी श्रद्धेने करावा. दहा पौंड त्यात आड येऊ नयेत.

शाळांच्या अडचणी खऱ्या आहेत. अंदाजपत्रक ताणलेले आहे, शिक्षक दमलेले आहेत, ठेवायला जागा नाही, मुलांची मापे दर वर्षी बदलतात, धुणार कोण हा प्रश्न आहे. उवांचे काय, असेही कोणी विचारते. शेवटच्या शंकेचे उत्तर सोपे आहे. डोक्याला डोके लागून उवा पसरतात, असे ब्रिटनची आरोग्यसेवा सांगते, आणि ते तर खेळताना रोजच होते. मुंडाशी धुऊन वाळवून ठेवली की काळजीचे कारण उरत नाही. बाकीच्या अडचणींचे उत्तर मात्र नीट, कपड्याला हात लावून शोधायला हवे, म्हणून थोडे तपशिलात जाऊ.

मापांची अडचण येते ती आपण पोशाख म्हणजे शिवलेला झगा असे धरतो म्हणून. शाळेच्या नाटकाला झगा लागतच नाही. तिकडे टॅबर्ड नावाचा एक साधा अंगरखा असतो. कापडाची एक लांब पट्टी, मधोमध डोके जाईल एवढी फट, पुढे आणि मागे गुडघ्यापर्यंत येईल एवढी लांबी, दोन्ही बाजू उघड्या, काखेखाली दोन-दोन नाड्या. बाह्या नाहीत, बटणे नाहीत, चेन नाही. तो गणवेशावरूनच चढतो, त्यामुळे कपडे बदलायची खोली लागत नाही आणि तीस मुले दहा मिनिटांत तयार होतात. चार वर्षांच्या मुलाला तो पोटरीपर्यंत येतो, सात वर्षांच्याला मांडीपर्यंत, पण दोघांनाही बसतो. तपकिरी कापडाचा टॅबर्ड मेंढपाळाला, पांढरा देवदूताला, करडा गाढवाला, पिवळा ताऱ्याला. पात्र ओळखू येते ते डोक्यावरून. म्हणून हेअरबँडला शिवलेले कान, पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट, इलॅस्टिक लावलेले मुंडासे एवढे वेगवेगळे केले की काम झाले. मानेच्या फटीला दुहेरी शिवण मात्र हवी, कारण फाटतो तो तिथेच. शंभर टक्के सुती कापड घेतले तर इस्त्री करावी लागते. पॉलिस्टर-सुती मिश्रण धुतल्यावर झटकून वाळत घातले की पुरते. नव्वद टॅबर्ड घडी करून दोन मोठ्या प्लॅस्टिकच्या पेट्यांत मावतात. जागेचा प्रश्न एवढाच.

पैशाचा हिशेबही करून पाहू. इंग्लंडात लहान मुलांच्या वर्गात तीसहून अधिक मुले नसावीत असा कायदा आहे. तीन वर्ग धरले तर नव्वद मुले. प्रत्येक घराने दहा पौंडांचा तयार पोशाख आणला असे धरले तर दर वर्षी ९०० पौंड त्या एका शाळेच्या पालकांच्या खिशातून जातात, आणि पुढच्या वर्षी पात्र बदलले की पुन्हा जातात. एवढ्याच रकमेत शाळा एकदा पोशाख करून घेऊ शकते, आणि डागडुजी होत राहिली तर ते पाच-सहा वर्षे सहज टिकतात. समाज म्हणून पाहिले तर पालकांकडून मागणे हाच महाग मार्ग आहे. शाळेला तो स्वस्त वाटतो, कारण खर्च तिच्या वहीत दिसत नाही. कचऱ्याचा हिशेब वेगळाच. २०१९ मध्ये फेअरीलँड ट्रस्ट आणि हबब या संस्थांनी १९ विक्रेत्यांकडचे हॅलोविनचे कपडे तपासले तेव्हा त्यांतला ८३ टक्के माल प्लॅस्टिकपासून बनलेला निघाला. नाताळचे तयार पोशाखही बहुतांशी त्याच पॉलिस्टरचे.

सुरक्षिततेचा मुद्दा थोडक्यात. २०१४ मध्ये टीव्ही निवेदिका क्लॉडिया विंकलमन यांच्या मुलीच्या हॅलोविनच्या पोशाखाला मेणबत्तीने पेट घेतला आणि ती गंभीर भाजली. मुलांचे असे पोशाख खेळणी म्हणून विकले जातात आणि रात्रीच्या कपड्यांना लागू असणारे आगीचे कडक नियम त्यांना लागत नाहीत, हे त्या वेळी अनेकांना प्रथमच कळले. नाताळच्या नाटकात मेणबत्त्या असतात. शाळेने पोशाख एकत्र घेतले तर कापड पाहून घेता येते; नव्वद घरांतून आलेले नव्वद पोशाख कोणी तपासू शकत नाही. मेणबत्त्या बॅटरीच्याच असाव्यात, हे तर कोणत्याही शाळेत पाळता येईल.

पैसा कोणत्या खात्यातून यावा? वंचित मुलांसाठी शाळांना ‘प्युपिल प्रीमियम’ नावाचे अनुदान २०११ पासून मिळते. २०२४-२५ मध्ये प्राथमिक शाळेतल्या पात्र मुलामागे ते १,४८० पौंड होते. त्यातून गरजू मुलांना पोशाख द्यावा, असा एक पर्याय सुचवला जातो. आम्हाला तो पटत नाही. निवडक मुलांना शाळेचा पोशाख आणि बाकीच्यांना घरचा, असे झाले की शाळेचा पोशाख हीच गरिबीची खूण होते. द्यायचा तर सगळ्यांना, सारखा. पालक-शिक्षक संघ डिसेंबरात जत्रा भरवतात, केक विकतात. त्या पैशांतून पहिल्या वर्षी मेंढपाळ आणि देवदूत, दुसऱ्या वर्षी प्राणी, तिसऱ्या वर्षी राजे असे टप्प्याटप्प्याने करता येईल. ज्यांना शिवण्याची हौस आहे त्यांनाही यात जागा आहे. आपल्या एका मुलासाठी एक झगा शिवण्याऐवजी त्यांनी पेटीसाठी तीन शिवावेत. जुन्या चादरी, पडदे, अभ्रे घरांतून मागवायला काहीच हरकत नाही, फक्त ते पेटीत जावेत, नाव लावलेल्या पिशवीत नाही. शिक्षकांवरही हे काम टाकू नये. धुणे आणि मोजदाद पालकांच्या पाळ्यांवर सोपवता येते, आणि पैसे देऊ न शकणारे पालक इथे आनंदाने हात लावतील.

त्याच १९९६ च्या कायद्यानुसार प्रत्येक शाळेच्या नियामक मंडळाला शुल्क आणि सवलतींचे धोरण लिहून ठेवावे लागते. त्या धोरणात एक वाक्य घालावे: शाळेच्या कार्यक्रमांसाठी लागणारे पोशाख शाळा देईल. मार्च महिन्यातल्या ‘वर्ल्ड बुक डे’लाही, जेव्हा मुलांना पुस्तकातले पात्र होऊन यायला सांगतात, तेच लागू करावे. दर वर्षी शिक्षिकेच्या दयेवर हा प्रश्न सोडण्यापेक्षा एकदा लिहून ठेवणे चांगले.

हे सगळे महाराष्ट्रातल्या वाचकाला दूरचे वाटू नये. आपल्याकडे हेच स्नेहसंमेलनात होते. डिसेंबर-जानेवारीत शाळाशाळांतून कोळीनृत्य, लावणी, शेतकरी नृत्य, शिवराज्याभिषेक बसतो आणि पालकांना निरोप जातो: ड्रेपरीवाल्याचे इतके पैसे पाठवा, शिवाय पांढरे मोजे, गजरा आणि मेकअपचे वेगळे. पैसे न आलेले मूल शेवटच्या रांगेत जाते किंवा नाचातून निघते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ३(२) सांगते की प्राथमिक शिक्षण घेण्यात किंवा पुरे करण्यात अडथळा ठरेल असे शुल्क, आकार किंवा खर्च बालकावर पडता कामा नये. त्यातला ‘खर्च’ हा शब्द शाळांनी नीट वाचावा. याच कायद्याने खाजगी शाळांत २५ टक्के जागांवर आलेल्या मुलांना प्रवेश, पुस्तके, गणवेश मिळतो. संमेलनाच्या रंगमंचावर मात्र ती दिसत नाहीत, असे जिथे घडते तिथे ड्रेपरीची पावती हे त्याचे एक कारण असते. उलट अनेक जिल्हा परिषद शाळांत शिक्षक गावातून धोतरे, नऊवारी लुगडी, फेटे गोळा करतात, सगळ्या मुलांना त्यातूनच नटवतात आणि दुसऱ्या दिवशी धुऊन परत करतात. हा धडा मोठ्या शाळांनी लहान शाळांकडून घ्यावा.

ब्रिटनमधल्या ज्या मराठी पालकांपर्यंत हा अंक पोचेल त्यांना आमची विनंती आहे: चिठ्ठी येण्याची वाट पाहू नका. सप्टेंबरात शाळा उघडली की शुल्कविषयक धोरण मागून घ्या, पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या बैठकीत पेटीचा विषय काढा, आणि स्वतःला दहा पौंड जड नसले तरी काढा. आणि इथल्या मुख्याध्यापकांनी यंदाच्या संमेलनाचे अंदाजपत्रक करताना मंडप, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांचे हारतुरे यांच्याआधी ड्रेपरीची रक्कम मांडावी, आणि पालकांना जाणाऱ्या सूचनेतून पोशाखाची ओळ काढून टाकावी.